टॉवेलला काज

(रविवारची दुपार. शिवणयंत्राशेजारी बाबा, पलंगावर अर्धी भरलेली बॅग आणि तिच्यापाशी मुलगी.)

मुलगी : आणि हे? हे काय आहे?

बाबा : टॉवेल.

मुलगी : टॉवेल मलाही दिसतोय. टॉवेलच्या कोपऱ्याला काय आहे?

बाबा : काज.

मुलगी : टॉवेलला काज कशाला, बाबा?

बाबा : आधी झालंय कसं ते बघ. हातकाज आहे, मशीनचं नाही. एक टाका वरखाली सापडला तर सांग. हल्ली असं काज कुणी करून देत नाही.

मुलगी : कुणी मागत नसेल. टॉवेलला तर नाहीच नाही. उशीच्या अभ्र्याला आहे, पडद्याला आहे. काल ओट्यावरचं फडकं उचललं, त्याला तीन. माझ्या स्कार्फला केलं असेल तर आत्ताच सांगा.

बाबा : स्कार्फला हात नाही लावला. रेशीम आहे. दोरा उठून दिसला असता.

मुलगी : म्हणजे विचार केला होता.

बाबा : विचारांना बंदी नाही. आमच्या पत्ते सोडणाऱ्यांच्या गटातल्या बाई सांगतात, पत्त्यांचा विचार येणारच, आला की हात गुंतवा. शिंप्याला सांगतात हात गुंतवा! चाळीस वर्षं दुसरं काय केलं मी? बाकीच्यांनी काय काय धरलंय. एक जण शेंगा सोलतो. तो बँकेतला साहेब शब्दकोडी सोडवतो, सगळी चुकीची. मी काज करतो. क्लबात जावंसं वाटलं की एक काज.

मुलगी : फडक्याला तीन होती.

बाबा : त्या दिवशी कर्नलचा फोन आला होता.

मुलगी : कर्नल म्हणजे तो छत्र्यांचा व्यापारी? तुमच्या टेबलावरचा?

बाबा : टेबल आता माझं नाही. त्याचं. शांतपणे ऐकशील तर सांगतो. त्याच्या मुलाचं लग्न आहे. कोट शिवायला दिलाय. गिऱ्हाईक म्हणून. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं का?

मुलगी : हा कोट त्याचाच? केव्हा न्यायचाय?

बाबा : आज संध्याकाळी ट्रायल आहे.

मुलगी : मग येईल तो इथे.

बाबा : त्याला सोयीचं पडेल तिथे.

मुलगी : कुठे, बाबा?

बाबा : तिथे आरसा मोठा आहे.

मुलगी : कुठे?

बाबा : क्लबात.

मुलगी : क्लबात. रविवारी संध्याकाळी. मी पाचच्या गाडीने गेल्यावर.

बाबा : तुझ्या गाडीचा आणि त्याचा काही संबंध नाही. कोट द्यायचा, घालून बघायचा, खडूने खुणा करायच्या, परत यायचं. बसायचंसुद्धा नाही.

मुलगी : आपल्याकडेही आरसा आहे.

बाबा : आपला कमरेपर्यंतच दाखवतो. कोट त्याच्या खाली जातो.

मुलगी : स्टुलावर उभं करा त्याला.

बाबा : स्टुलावर उभा केला की डोकं जातं आरशातून.

मुलगी : कोटाला डोकं लागत नाही.

बाबा : गिऱ्हाइकाला लागतं. तो आधी आपलं तोंड बघतो, ते आवडलं तर मग कोट बघतो. हा धंदा आहे, तुला नाही कळायचा. आणि कर्नलचं वजन बघता स्टूलही जाईल.

मुलगी : मी देऊन येते कोट. वाटेवरच आहे.

बाबा : आणि काखेत किती घ्यायचं ते तू सांगणार त्याला?

मुलगी : बरं. माझी गाडी उद्याची करते.

बाबा : अजिबात नाही. तिकडे तुझं पोर, नवरा, नोकरी. इतके दिवस राहिलीस तेच खूप झालं. मी काय लहान आहे?

मुलगी : उद्या जेवणार काय तुम्ही?

बाबा : उद्याचं मी बोलत नाही. गटाचा नियम आहे. आजचं बोलायचं.

मुलगी : भाजीचंसुद्धा नाही?

बाबा : नियम म्हणजे नियम. पेपरवाल्यालाही रोज सकाळी सांगतो, आजचा टाक. वैतागलाय बिचारा. म्हणतो, महिन्याचं एकदम सांगा. मी म्हटलं, बाबा रे, महिन्याचं बोलून बोलूनच सगळं घालवलंय.

मुलगी : हसवू नका. मी रागावले आहे.

बाबा : दिसतंय. आईसारखी नाकपुडी होते तुझी.

मुलगी : किती वाजले?

बाबा : त्या घड्याळाकडे नको बघूस. ते बंद आहे.

मुलगी : अजून? मी आले तेव्हाही बंद होतं. चावी का दिली नाहीत?

बाबा : किल्ली कुठे आहे? सगळे डबे उपसले. बटणांचा, सुयांचा, औषधांचा. तुझ्या आजोबांचं घड्याळ, तुझ्या आईच्या माहेरचं. ते खातं तिचं होतं, मी कधी लक्ष घातलं नाही. घड्याळजी म्हणतो, असल्या जुन्या घड्याळाची किल्ली मिळत नाही. तुझी आई गेली आणि पुढच्याच आठवड्यात हे थांबलं. मला वाटलं, चला, यालाही कळलं.

मुलगी : जाऊ नका, बाबा.

बाबा : घड्याळजीकडे?

मुलगी : क्लबात.

बाबा : कुणासाठी नको जाऊ?

मुलगी : असं काय विचारता?

बाबा : खरंच विचारतोय. ती असताना एक होतं. बाहेरून आलो की दार ती उघडायची. काही विचारायची नाही. नुसती बघायची, टाका तपासावा तशी. त्या बघण्याला मी घाबरायचो, म्हणून जायचो नाही. गटात म्हणतात, स्वतःसाठी सोडा. स्वतःसाठी मी कधी शर्टसुद्धा शिवला नाही! आता क्लबातून आलो काय आणि भाजी घेऊन आलो काय, कुलूप मीच उघडतो. कुलपाला काही कळत नाही.

मुलगी : मला कळेल.

बाबा : तुला फोनवरून काय कळणार? फोनवर मी फार छान खोटं बोलतो.

मुलगी : ते माहीत आहे मला. बेल वाजली. बसा तुम्ही, मी बघते. अरे, मामा! हे काय? चार चार कुंड्या?

मामा : सरक, सरक, भाचीबाई, हातातून निसटतायत. स्कूटरवर पायांत दोन आणि मागे दोन अशा आणल्या. सिग्नलला एक बाई म्हणाल्या, काका, बाग हलवताय का? भाऊजी आहेत का घरी?

बाबा : भाऊजी समोर बसलेत. चष्मा पूस.

मामा : अरे! आहात का! छान, छान. मला वाटलं, रविवार आहे, कुठे बाहेर... म्हणजे बाहेर म्हणजे फिरायला. कसं चाललंय? दात कसे आहेत?

बाबा : माझे दात माझेच आहेत, तुझ्या कारखान्यातले नाहीत. हे काय आणलंस?

मामा : रोपं. सेल होता.

बाबा : तू कवळ्या बनवतोस की नर्सरी चालवतोस? इतकी वर्षं दर महिन्याला एक कुंडी. त्या गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही. माझी विजार वाळत घालायची तर आधी जास्वंदीची परवानगी काढावी लागते. बहिणीवरचं प्रेम म्हणून कधी बोललो नाही. पाणी कोण घालतो? मी. म्हटलं, आता ती नाही, आता तरी थांबेल. तर एकदम चार!

मुलगी : मामा, तुला घाम का आलाय?

मामा : जिना. जिना चढून. भाचीबाई, जरा गॅलरीत येतेस का? दोन मिनिटं. एक खासगी... झाडांविषयीच.

बाबा : झाडांविषयी खासगी काय असतं? बोल इथेच.

मामा : इथे नको.

मुलगी : मामा, मी तासाभरात निघणार आहे. जे असेल ते बोल.

मामा : भाऊजी, तुम्ही हातातली सुई खाली ठेवा आधी.

बाबा : सुई राहू दे. बोल.

मामा : ही चार राहिलेली आहेत. ताई गेल्यापासूनची. मी म्हटलं, आता द्यायची कुणाला? देणं तर आहे. रात्री... म्हणजे दिवसाही डोक्यातून जाईना. कवळीचा साचा ओतताना चूक झाली माझ्या हातून, एका मास्तरांना खालचे दात वर बसले.

मुलगी : कसलं देणं?

मामा : मी हरलो होतो ना. दर महिन्याला हरायचो.

बाबा : कुणाशी?

मामा : ताईशी.

बाबा : काय?

मामा : पैज. आता असं बघू नका, भाऊजी. तुम्ही सोडलंत तेव्हा मी ताईला म्हणालो, यांचं काही खरं नाही, महिनाभर टिकले तर बघ. ती म्हणाली, लाव. मी गमतीत म्हटलं, लावली. तुम्ही महिना काढलात, मी तिला गुलाब आणून दिला. ती म्हणाली, पुढच्या महिन्याची लाव. मग काय, लागली सवय.

बाबा : सवय लागली.

मामा : हो ना.

बाबा : मी तिकडे गटात उभा राहून छातीवर हात ठेवून सांगायचं की मी खेळत नाही, आणि इकडे माझ्या घरात, माझ्या ओट्यापाशी, तुम्ही बहीणभाऊ माझ्यावरच लावत होता? घोडा समजलात मला?

मामा : घोडा नाही हो.

मुलगी : तुला कसं कळायचं, मामा? बाबा गेले की नाही ते?

मामा : क्लबाच्या जिन्यासमोर तो सायकल दुरुस्तीवाला बसतो ना. तो सांगायचा.

बाबा : तो? मी हवा भरायला जायचो तिथे! घरी कसं काय, विचारायचा मला! तो हेर?

मामा : त्याची कवळी मी करून दिली. वरची.

बाबा : फुकट?

मामा : आता खालचीही मागतोय.

बाबा : शाब्बास. आणि गटातल्या बाई म्हणतात, घरच्यांचा आधार घ्या. बरं, भाव काय होता?

मुलगी : बाबा.

बाबा : नुसतं विचारतोय.

मुलगी : तुमचं नुसतं मला माहीत आहे.

मामा : मी हरलो तर एक रोप. ताई हरली तर ते.

बाबा : ते काय?

मामा : ते भिंतीवरचं. नानांचं घड्याळ. लहानपणापासून माझा डोळा होता त्याच्यावर. नाना ते ताईला देऊन गेले, मला दिला छत्रीचा दांडा.

बाबा : थांब. एका रोपाविरुद्ध अख्खं घड्याळ? दर महिन्याला?

मामा : दर महिन्याला.

बाबा : असं कोण लावतं! एकदा हरली की गेलंच, आणि जिंकली तर मिळणार काय, शेवंती? आम्ही टेबलावर एवढी वर्षं काढली, पण असला डाव एकानेही टाकला नाही. तिला कुणी शिकवलं नव्हतं का? ब्लाइंड खेळली ती!

मामा : मीही तेच म्हटलं तिला. म्हटलं, ताई, पत्ते न बघता एवढं लावू नये.

मुलगी : मग?

मामा : म्हणाली, मी पत्ते बघून खेळतेय.

मुलगी : बाबा, सुई. बोटाला लागली तुमच्या.

बाबा : लागू दे.

मुलगी : कोटाला रक्त लागेल. द्या इकडे. हा टॉवेल घ्या, याला काज आहे, बोट घाला त्यात.

बाबा : मला एक सांग, दातवाल्या. ती एकदा हरली होती. तुझ्या त्या हेराने सांगितलं नाही?

मामा : जाऊ द्या ना, भाऊजी.

मुलगी : केव्हा?

बाबा : तुझं पोर झालं तेव्हा. आई तुझ्याकडे होती. बाळाचा फोटो पाठवला होतास तू. इतका आनंद झाला, आणि सांगायला घरात कुणी नाही. म्हटलं, क्लबातल्यांना दाखवून येऊ. फोटो दाखवायला म्हणून गेलो आणि पिको-फॉलचं मशीन घालवून उठलो. तिला सांगितलं, दुरुस्तीला दिलंय.

मुलगी : ते मशीन अजून दुरुस्तीलाच आहे, बाबा. पोरगं शाळेत जायला लागलं.

बाबा : तिने कधी विचारलंसुद्धा नाही. मला वाटलं, पचलं.

मामा : गाडीतून उतरून घरी आली आणि तासाभरात मला फोन. सायकलवाल्याच्या आधी. म्हणाली, मी हरले, ये आणि तुझं घड्याळ बघ.

बाबा : पण घड्याळ तर इथेच आहे.

मामा : मी मोठी पिशवी घेऊन आलो होतो. खोटं कशाला बोलू, आनंदच झाला होता मला. उतरवायला स्टुलावर चढलो, तर म्हणाली, थांब. घड्याळ तुझं, पण उतरवू नकोस. भिंतीवर गोल डाग दिसेल. मग ते विचारतील, घड्याळ कुठे गेलं. मग मला सांगावं लागेल. मग त्यांना कळेल की मला कळलंय. मग ते खाली मान घालून बसतील, आणि खाली मान घातलेला माणूस सरळ क्लबातच जातो.

मुलगी : आई असं म्हणाली?

मामा : तिचं बोलणं असंच, एकाला एक जोडलेलं. मग ही माझ्या हातात ठेवली. म्हणाली, घड्याळ इथेच चालू दे. तू दर रविवारी येऊन चावी देत जा.

बाबा : ही... ही किल्ली? ही तुझ्याकडे आहे? मी सुयांचे डबे उपसतोय आणि ही तुझ्या खिशात?

मामा : मला वाटलं, तुम्हाला घड्याळ बंद पडलेलं लक्षातही आलं नसेल.

बाबा : म्हणजे दर रविवारी तू चहाला यायचास ते...

मामा : चहा मला सोसत नाही, भाऊजी. पित्त होतं. पाच वर्षं झाली पित्त होतंय.

बाबा : पण मी घरात असायचो! मला कधी दिसला नाहीस चावी देताना.

मामा : तुम्हाला ती तेवढ्यात दूध आणायला खाली पाठवायची ना.

बाबा : दूध संपलेलं असायचं म्हणून.

मामा : नसायचं.

बाबा : घरात दूध असायचं?

मामा : भरपूर. तुम्ही गेलात की मी स्टुलावर. ती खिडकीत उभी राहून सांगायची, आले कोपऱ्यावर, उतर आता.

मुलगी : मला फोनवर म्हणायची, तुझ्या बाबांनी आज पुन्हा दूध आणलं, खरवडून खरवडून किती साय खायची माणसाने.

बाबा : आणि त्यानंतर? घड्याळ तुझं झालं, मग तिने लावायला काय ठेवलं?

मामा : तेच.

बाबा : तेच कसं? ते तुझं होतं.

मामा : माझ्याकडून उसनं घेतलं. म्हणाली, एका महिन्यापुरतं दे, जिंकले की सुटलं. मी म्हटलं, ताई, माझंच घड्याळ माझ्याविरुद्ध? तर म्हणाली, तुला नको असेल तर राहू दे. कसं नको म्हणणार? पुढच्याच महिन्यात जिंकली. किल्ली परत द्यायला गेलो तर म्हणाली, ठेव तुझ्याकडेच, रविवारी येशील तरी.

मुलगी : आणि तो निवडुंग? शिवणयंत्राशेजारी ठेवलेला. तो कधीचा?

मामा : त्याच महिन्याचा. मी जिंकलो होतो, मला आणायचं कारणच नव्हतं. पण म्हणाली, रोप चुकवू नकोस. या महिन्याला काटेरी आण.

बाबा : दर वेळी पाणी घालताना टोचतो. मी तिला म्हणायचो, हा गॅलरीत ठेव. म्हणायची, तिथे जागा नाही.

मुलगी : बाबा, पाणी पिणार?

बाबा : नको. या महिन्याचं काय, रे?

मामा : या महिन्याचं कुठे काय, भाऊजी. समोर कुणी नाही. एकट्याने कशी लावणार?

मुलगी : मी बसते. आईच्या जागी. मीही बघूनच खेळते.

बाबा : नाही.

मुलगी : घड्याळाऐवजी माझं दुसरं काहीतरी...

बाबा : नाही म्हटलं ना. तू नाही बसायचं. काहीही लावायचं नाही, गमतीतसुद्धा नाही. तुझ्या आईने केलं ते केलं, तिला जमलं. या घरात मी एक पुरे आहे.

मुलगी : बरं.

बाबा : नाकपुडी खाली घे.

मुलगी : घेतली.

बाबा : तुझी स्कूटर खालीच आहे ना, दातवाल्या? हिला गाडीवर सोड. आणि जाताना हा कोट क्लबात दे. वर जाऊ नकोस, जिन्यापाशी तुझा हेर आहे त्याच्याकडे दे. म्हणावं, कर्नलला द्या.

मामा : आणि ट्रायल?

बाबा : मोठा आरसा आहे तिथे. घालून बघेल. कमीजास्त असेल तर इथे येईल, मी स्टूल भक्कम करून ठेवतो.

मुलगी : काखेत किती घ्यायचं ते?

बाबा : माझा हात इतका वाईट नाही. बरोबर बसेल. बस, लवकर आवरा. बॅगेत तो टॉवेल घाल. घरी खिळ्याला अडकवता येईल, बघ, नेमका त्या मापाचा झालाय.

मामा : भाऊजी, ही चार कुठे ठेवू?

बाबा : जास्वंदीला जरा भिंतीकडे सरकव, मावतील. निवडुंग हलवू नकोस. आणि यापुढे आणशील ती नुसती आण.

मामा : नुसती? न हरता?

बाबा : जमतंय का बघ.

मामा : आणि घड्याळ? किल्ली ठेवून जाऊ इथे?

बाबा : नको. आत्ता चावी दे आणि घेऊन जा. तुझ्याकडेच राहू दे ती.

मामा : मग पुढच्या रविवारी येऊ?

बाबा : ये. दूध मी शनिवारीच आणून ठेवीन.